अंधारात दिसतं त्याला काय म्हणावं?

डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेका पात्राची भूमिका घेत, फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ. त्याबद्दल निपाणीहून प्रश्न आलाय: 'आम्ही पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, तिघं मराठी, दोघं कन्नड. गोष्ट मी मराठीत सांगतो. डार्कव्हिजनला, म्हणजे पात्राच्या अंधारात बघण्याच्या शक्तीला, दिव्यदृष्टी म्हटलं तर चालेल का?'

नको. दिव्यदृष्टी संजयाची, किंवा गीतेच्या ११व्या अध्यायात अर्जुनाला मिळते ती. तिच्यापुढे काही लपत नाही. खेळातल्या ट्रूसाइटला हा शब्द राखून ठेवा. तिला अदृश्य माणूसही दिसतो आणि मायेमागचं खरं रूपही. डार्कव्हिजन बिचारी फार गरीब. आमच्याकडे बेळगावात टिळकवाडीत एकदा हाच शब्द वापरला होता. चेटक्याने भोवती काळोख पाडला आणि एल्फ (अंधारनजर असलेलं एक पात्र) खेळणारा हट्टाला पेटला, 'दिव्यदृष्टी आहे की मला, मग दिसत कसं नाही?' अर्धा तास त्यातच गेला. शब्दच तसा, त्याचं तरी काय चुकलं?

मी अंधारनजर म्हणतो. नजर अशासाठी, की मराठीत नजरेला टप्पा असतो, आणि या शक्तीलाही आहे, बहुतेकांना ६० फूट. तेवढ्यात अंधुक उजेड लख्ख वाटतो आणि पूर्ण अंधार अंधुक. म्हणजे अंधारात काही हेरायचं झालं तर फासा दोनदा टाकून कमी दान घ्यायचं, हे अंधारनजरवाल्यालाही चुकत नाही. शिवाय रंग कळत नाहीत, सगळं राखाडी. खानापूरकडं आजीच्या घरी दिवेलागणीला लाइट गेली की परसातल्या दांडीवरची लुगडी मी काढून आणायचो. लुगडं आहे एवढं कळायचं, हिरवं कुठलं नि तांबडं कुठलं ते घरात कंदिलापाशी आल्यावर. अंधारनजर तशीच. (जुन्या आवृत्त्यांत तिच्या जागी उष्णता पाहणारी इन्फ्राव्हिजन होती; २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ती गेली. बरं झालं, तिला शब्द शोधताना घाम फुटला असता.)

आता अंधार. हा अंधकाराचा वंशज, आणि अंधकार म्हणजे आंधळं करणारा. खेळाच्या २०१४ च्या नियमांतही हेच आहे: अंधारनजर नसेल तर पूर्ण अंधारात बघू पाहणारा आंधळाच धरायचा. मंत्राने पाडलेल्याला मात्र वेगळं नाव हवं, कारण १५ फूट त्रिज्येच्या त्या गोळ्यात अंधारनजर चालत नाही. मशाल आत नेली तर ती जळते, पण उजेड पडत नाही. त्याला 'भारलेला अंधार' म्हणा. भारलेलं पाणी, भारलेला दोरा आपल्याला नवा नाही, त्यामुळे वेगळं समजावावं लागत नाही. वॉरलॉकला (जादू करणारं एक पात्र) डेव्हिल्स साइट घेता येते, ती सैतानी नजर. तिला साधा काय नि भारलेला काय, १२० फुटांपर्यंत स्वच्छ दिसतं.

तुमच्या कन्नड गड्यांना अंधुक उजेडासाठी 'मब्बु' म्हणा, लगेच कळेल. आमच्या टेबलावर तर मराठी पोरंही आता मब्बुच म्हणतात.

राहिली ब्लाइंडसाइट, म्हणजे डोळ्यांवाचून आजूबाजूचं कळण्याची शक्ती. अंधदृष्टी म्हणू नका, ते डोळ्यांच्या दवाखान्यातलं वाटतं. खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलात बारापेडे गुहा आहेत, तिथली दुर्मीळ वटवाघळं आठवा. अंधारात ती स्वतःच्या आवाजाच्या पडसादावर उडतात, तिथं डोळ्यांचं फारसं काम नाही. आपल्याकडे यासाठी 'चाहूल' आहेच. खेळातल्या वटवाघळाची माहिती लिहिलेल्या कागदावर एवढंच लिहा: चाहूल, टप्पा ६० फूट. भारलेल्या अंधारातही लागते.