खोक्यावरचं स्केल सोडा, आधी दरवाजा मोजा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नेरूळच्या फ्लॅटमध्ये भिंतीला लावलेला मॉडेल रेल्वेचा सहा बाय तीन फुटांचा एचओ लेआउट, आणि लंडनहून परतलेल्या मावसभावाने हवाली केलेलं एक खोकं. त्यात ओओची पुठ्ठ्याची किट, एनच्या चार प्लॅस्टिकच्या इमारती आणि ओ स्केलचं एक गोदाम. (एचओ, ओओ, एन आणि ओ ही मॉडेलच्या मापांची, म्हणजे स्केलची, नावं.) ‘यातलं माझ्या एचओवर काही चालेल, की सगळं विकून टाकू?’

विकू नका. पण जसंच्या तसं मांडूही नका. स्टीलची पट्टी घ्या आणि प्रत्येक इमारतीचा दरवाजा मोजा.

दरवाजाच का, तर इमारत केवढी असावी याला काही कायदा नाही. जुन्या ठाण्यात दहा फूट रुंदीची घरं आहेत आणि घोडबंदर रोडला तीस मजली टॉवरही आहेत. दोन्ही खरीच वाटतात. दरवाजा, पायरी, कठडा आणि शिडी यांना मात्र माणसाचं माप लागतं, आणि बघणाऱ्याची नजर तिथेच अडते. सात फुटी दरवाजा म्हणजे साधारण २१०० मिमी. एचओत, म्हणजे १:८७ ला (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाला), तो २४ मिमी भरतो. ओओत (१:७६) साडेसत्तावीस. एनमध्ये तेरा-चौदा, कारण एनचेही तीन पंथ आहेत: युरोप-अमेरिका १:१६०, जपान १:१५०, ब्रिटन १:१४८. ब्रिटिश ओ १:४३.५ चं, म्हणजे तिथे दरवाजा ४८ मिमी. हे आकडे एका कागदावर लिहून टेबलाच्या कडेला चिकटवा, पुढे कॅल्क्युलेटर फारसा लागत नाही.

आता ‘स्केल म्हणजे स्केल, तडजोड नाही’ असं सांगणारे सदस्य खाली प्रतिक्रियांत येतीलच. त्यांना एवढंच विचारा, की तुमचे रूळ कुठल्या देशाचे? एचओच्या दोन रुळांतलं अंतर १६.५ मिमी. त्याला ८७ ने गुणलं की १४३५ मिमीच्या आसपास येतं, तो युरोप-अमेरिकेचा स्टँडर्ड गेज. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, साडेपाच फूट. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली गाडीही याच साडेपाच फुटांवर धावली होती. एचओत तो १९ मिमीहून थोडा जास्त हवा. १६.५ मिमीच्या रुळालाच ब्रॉडगेज म्हणायचं तर स्केल १:१०१ च्याही पुढे जातं. म्हणजे आपली लोकल एचओच्या रुळावर ठेवली, तिथेच आपलं पहिलं खोटं बोलून झालेलं असतं. इमारतींपाशी येऊन सोवळं नेसण्यात अर्थ नाही.

साडेपाच फूट ही मध्यम उंचीच्या माणसाचीही उंची. मी आइस्क्रीमच्या काडीवर १९ मिमीला एक खूण केली आहे, तो माणूस. २४ ला दुसरी, तो दरवाजा. कुठलीही इमारत हातात आली की आधी ती काडी शेजारी उभी करतो. वीस वर्षांत याहून उपयोगी हत्यार मिळालेलं नाही.

आणि खोक्यावर एचओ छापलं म्हणजे आतलं सगळं १:८७ असेलच, असंही समजू नका. फालर, किब्री या जर्मन कंपन्यांची जुनी घरं मोजलीत तर बरीचशी १:१०० च्या आसपास भरतील. टेबलावर जास्त गाव मावावं म्हणून आकसलेली. उलट सुपरक्विक या ब्रिटिश कंपनीच्या पुठ्ठ्याच्या किटच्या पाकिटावर ओओ आणि एचओ दोन्ही लिहून १:७२ ही लिहिलेलं असतं. त्यामुळे काडी लावायचीच.

तुमच्या खोक्यातलं सोनं म्हणजे ओओची किट. ओओ जन्मलं ते अडचणीतून: ब्रिटिश इंजिनं बुटकी, त्या काळची मोटर १:८७ च्या सांगाड्यात मावेना, म्हणून रूळ एचओचेच ठेवून वरचा डबा ४ मिमीला एक फूट या मापाने मोठा केला. आपल्याला त्याचा अर्थ एवढाच, की इमारत सुमारे १४ टक्के मोठी. तिचा साडेसत्तावीस मिमीचा दरवाजा एचओच्या माणसाला आठ फुटांचा वाटतो. आठ फुटी दरवाजे कुठे असतात? जुन्या दगडी स्टेशनात, कोर्टात, शाळेत, साहेबाच्या बंगल्यात. तिथे ओओ बिनधास्त लावा, उलट जास्त भारदस्त दिसेल. चाळीच्या खोलीला किंवा सिडकोच्या फ्लॅटला लावलंत की फसलात.

दुकानांच्या रांगेला एक युक्ती आहे, आणि ती मला आमच्या गल्लीने शिकवली. जुन्या वस्तीत रस्त्यावर थर चढत जातात आणि तळमजल्याची दुकानं दर काही वर्षांनी एकेक पायरी खाली जातात; पावसात दुकानदार उंबऱ्यावर विटांचा बांध घालून बसतात. तुम्हीही तेच करा. ओओच्या इमारतीपुढे ३ मिमीचा सनबोर्ड (हलका फोमचा बोर्ड) टाकून त्यावर रस्ता आणि फुटपाथ करा. साडेसत्तावीसचा दरवाजा साडेचोवीसचा झाला. एक कापही न घेता स्केल बदललं, आणि वर ‘अगदी आपल्याकडच्यासारखं!’ अशी दाद मिळते ती वेगळी.

पुठ्ठ्याची किट अजून कापली नसतील तर ती स्कॅन करून ८७.५ टक्क्यांवर छापा, थेट एचओ होतात. झेरॉक्सवाल्याला बजावून सांगा की ‘फिट टू पेज’ बंद ठेव, आणि कागदाच्या कोपऱ्यात १०० मिमीची रेघ ओढून द्या. छापल्यावर ती साडेसत्त्याऐंशी भरली तर बाकीचं बरोबर. अडचण वेगळीच येते. चित्र लहान होतं, पुठ्ठ्याची जाडी तीच राहते. खाचा आणि जिभा जुळत नाहीत, कोपऱ्यात भिंत एकेक मिलिमीटरने चुकते. खाचा विसरा, कोपरे ४५ अंशांत तासून आतून चौकोनी काडी चिकटवा. (एनचं किट एचओला आणायचं तर १८४ टक्के, ब्रिटिश एन असेल तर १७०. पण एवढं फुगवलं की छापलेली वीट फरशीएवढी दिसते.)

विटेवरून आठवलं. युरोपातल्या किटवर उघड्या विटा असतात, आणि स्केल उघडं पाडण्यात विटेइतकं चहाडखोर काही नाही. विटेचा थर सांध्यासकट साधारण ८५ मिमी, एचओत जेमतेम एक मिमी. आपल्याकडे मात्र बहुतेक इमारतींना गिलावा. पातळ वॉल पुट्टी ब्रशने दोन हात फिरवा, बारीक पॉलिश पेपर मारा, वीट गेली. स्केलही गेलं आणि इंग्लंडही गेलं. मग खिडकीवर ७ मिमीचा छज्जा, त्याखाली पावसाच्या काळ्या ओघळांचे डाग, बाहेर काढलेली ग्रिल, गच्चीवर काळी सिंटेक्स. हजार लिटरची टाकी एचओत बारा-तेरा मिमी व्यासाची होते, जाड मार्करचं टोपण चालतं.

ओओचा फलाट मात्र तसाच लावू नका. तो बहुधा तीन फुटांचा धरलेला, म्हणजे १२ मिमी उंच. एचओत तेच १०४५ मिमी होतात. आपल्या लोकलचा उंच फलाट पूर्वापार ८४० मिमीपर्यंतचा, अलीकडे बऱ्याच ठिकाणी त्याहून थोडा वर नेलेला. एचओत दहा मिमी धरा. फलाट घासत बसण्यापेक्षा रुळाखाली २ मिमीचा कॉर्क घाला.

आता एन. इथे मी स्वतः तोंडावर आपटलो आहे. सुरुवातीच्या काळात एनची एक पाण्याची टाकी स्वस्तात मिळाली, ती मी एचओच्या यार्डात रुळांलगत ठेवली. टाकीला कुठे स्केल असतं, असा माझा हिशोब. आमच्या इमारतीत एक निवृत्त मोटरमन राहतात, ते बघायला आले. गाड्या पाहिल्या, सिग्नल पाहिले, मग टाकीवर बोट ठेवून म्हणाले, “काय रे, या शिडीवर चढणार कोण? पाल?” शिडीच्या दोन पायऱ्यांत साधारण ३०० मिमी असतात, एचओत साडेतीन मिमीला थोडं कमी. माझ्या शिडीत दोनच मिमी होते. टाकी, चिमणी, सायलो (धान्य-सिमेंटची उंच कोठी) यांना खरंच स्केल नसतं. त्यांच्या अंगावरची शिडी आणि कठडा चुगली करतात. त्या दोन गोष्टी खरवडून काढा आणि एचओच्या बसवा, काम झालं. कठडा मीटरभर उंच, म्हणजे साडेअकरा मिमी.

एनच्या घरांचं तसं होत नाही. मजला इतका बुटका की माणूस रांगत जाईल. पण ऑफिस किंवा कारखान्याची इमारत असेल तर दोन मजल्यांचा एक मजला करता येतो. माझ्याकडे जपानी एनची चार मजली इमारत होती, प्रत्येक मजला २४ मिमी. एचओत २४ मिमी म्हणजे २.०९ मीटर, मजल्याला अगदीच कमी. दोन मजले मिळून ४८ मिमी, म्हणजे ४.१८ मीटर, वागळे इस्टेटमधल्या इंडस्ट्रियल गाळ्याला शोभेल अशी उंची. मग वरच्या-खालच्या खिडक्यांमधली पट्टी पातळ करवतीने कापून काढली, दोन खिडक्यांची एक उंच लोखंडी खिडकी झाली. जिथे कापताना हात थरथरला तिथे पट्टी तशीच ठेवून राखाडी रंगवली, ती खिडकीचाच आडवा गज वाटते. तळमजल्याचा १४ मिमीचा दरवाजा उडवला आणि ३५ मिमी रुंद-उंच भोक पाडलं, साधारण दहा फुटी शटरसाठी. शटर म्हणून बारीक पन्हाळीचा पत्रा आडवा लावला. बाजूला काडीवरच्या मापाचा एक छोटा दरवाजा. चार मजली जपानी ऑफिसचा दुमजली ठाणेकर गाळा झाला. इमारत मूळची पुढून मागे १०० मिमी होती, ते एचओत पावणेनऊ मीटर, म्हणजे तिथेही चालून गेलं. चार रविवार गेले, त्यातला दीड रविवार चुकीच्या जागी पाडलेलं भोक बुजवण्यात.

तुमच्या चारपैकी ज्यांच्यात असं जमणार नाही, त्या मागे न्या. लेआउट भिंतीला लावलेला आहे हे बरं. बघणारा एकाच बाजूने येतो. बाजूने कुणी डोकावू शकत असेल तर हा खेळ मोडतो. मागच्या कडेला पारसिकचा डोंगर करा आणि एनची घरं त्याच्या अंगावर चढवा. पाया झाडीत लपवा, जवळ एचओची रिक्षा किंवा माणूस चुकूनही ठेवू नका. एचओची रिक्षा वीस मिमी उंच, एनच्या दरवाजापेक्षा मोठी. रंगात थोडा राखाडी-निळा मिसळा, लांबच्या वस्तू तशाच दिसतात. आणि एकदम एचओवरून एनवर उडी मारू नका; मध्ये त्या आकसलेल्या जर्मन घरांची एक रांग हवी. म्हणजे पुढे ओओ, मग एचओ, मग १:१०० वाली, शेवटी एन. दोन वेगळ्या मापांचे दरवाजे एकाच फुटपाथवर शेजारी-शेजारी येता कामा नयेत, बाकी सगळं माफ आहे.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो, कारण खाडीजवळ राहता. पुठ्ठ्याची इमारत जुलैत पोट काढते. भिंतीच्या एकाच बाजूला फेविकॉल फासला की वाळताना ती त्याच बाजूला वळते, म्हणून आतूनही तेवढाच कागद चिकटवा. जोडण्याआधी दोन्ही बाजूंनी मॅट वार्निशचा हात द्या, आणि आतल्या कोपऱ्यांना सनबोर्डच्या आडव्या पट्ट्या. मी पहिल्या वर्षी हे केलं नव्हतं. गणपतीपर्यंत स्टेशन मास्तरांची खोली नौकेसारखी झाली होती.

राहिलं ओचं गोदाम. एचओच्या दुप्पट मापाचं, म्हणून ते तुम्ही आधी विकाल, असं मला वाटतं. थांबा. त्याचा माणसाचा ४८ मिमीचा दरवाजा एचओत ४.२ मीटरचा होतो, भरलेला ट्रक आत जाईल असं फाटक. बाजूच्या खिडक्या बुजवा, उंचावर जाळीचे झरोके ठेवा, फाटकातच २४ मिमीचं एक दिंडी दार कोरा. आणि छपराचा पत्रा असेल तर त्याच्या पन्हाळी मोजा. लोखंडी पत्र्याची पन्हाळ खऱ्यात ७६ मिमीला एक, ब्रिटिश ओत ती पावणेदोन मिमी होते. आपल्याकडच्या सिमेंटच्या पत्र्याची पन्हाळ १४६ मिमीची, एचओत जवळपास १.७ मिमी. म्हणजे तुमच्या ओच्या लोखंडी पत्र्याला मळकट राखाडी रंग दिलात, सांध्यांवर शेवाळाचा काळा-हिरवा हात फिरवलात, तर तो एचओचा हुबेहूब सिमेंटचा पत्रा आहे. असा पत्रा सुटा विकत घ्यायला जाल तर पटकन मिळत नाही.

आज रात्री चारही एनचे मजले मोजून आकडे इथे टाका. कुठली कापायची आणि कुठली डोंगरावर चढवायची ते त्यावरून सांगतो.