‘एकदम ठीक’ म्हणणाऱ्या नवऱ्याचं काय करू?

प्रश्न: ह्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. ऑक्झॅलिप्लॅटिनच्या 5 केमो झाल्या. बोटं बधिर झालीत, शर्टाची बटणं मीच लावते. डॉक्टरांसमोर मात्र ‘एकदम ठीक’! सांगितलं तर केमो बंद करतील, ही भीती. मी परस्पर सांगू का?

उत्तर: ताई, सांगायचंच, पण परस्पर नको. उद्या त्यांना ते कळलं, की ते तुमच्यापासूनही लपवायला लागतील.

या औषधाने गार वस्तूला हात लावला की झिणझिण्या येतात आणि काही दिवसांत ओसरतात. पुढच्या केमोपर्यंतही न जाणारा बधिरपणा मात्र वेगळा. तो डोसागणिक साचतो, औषध थांबवल्यावरही काही महिने वाढू शकतो, काहींना कायमचा राहतो. त्यामुळे बटण न लागणं ही किरकोळ तक्रार नाही, पुढचा डोस ठरवताना डॉक्टरांना ती लागतेच. अशा वेळी बहुतेकदा डोस कमी करतात किंवा हे एकच औषध थांबवून बाकीची चालू ठेवतात. त्यांना आधी हे सांगा. भीती निम्मी तिथेच उतरेल.

‘कसं वाटतंय?’ला ‘ठीक’ हेच उत्तर येणार, जिभेला सवयच तशी! म्हणून वहीत रोज एक ओळ, त्यांच्याच हातची. ‘हात दुखतो’ असं मोघम नको. ‘केमोनंतरचा 11वा दिवस, वरचं बटण लागलं नाही, पेला निसटला’ असं. अक्षर बिघडलं असेल तर तेही डॉक्टरांना दिसेल. आत गेल्या गेल्या वही टेबलावर ठेवा, डोस लिहून झाल्यावर दारात उभं राहून नको. आणि एक बटण तिथेच लावून दाखवायला सांगा.

‘ही केमो आजार परत येऊ नये म्हणून, की आहे तो आटोक्यात ठेवायला?’ हेही विचारा. डोस कमी करायचा का, याचं गणित त्यावर बदलतं. उत्तर त्यांनी आपल्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगावं, चुकीचं समजलं असेल तर तिथेच कळेल.

तापाला मात्र वहीची वाट नको. 38 अंश सेल्सिअस (100.4 फॅरनहाइट) किंवा जास्त भरला, की मध्यरात्र असली तरी लगेच फोन. आधी पॅरासिटामॉल देऊन ताप झाकू नका.

एवढं करूनही ते गप्प राहिले, तर त्यांच्यासमोरच बोला: ‘हे सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते.’