लेफ्टनंट गव्हर्नरांना भेटताना इंटर्नने काय म्हणायचं?

तुमची भाची टोरांटोच्या क्वीन्स पार्कमध्ये, म्हणजे कॅनडातल्या ऑन्टॅरियो प्रांताच्या विधानसभेत, इंटर्न आहे आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या गटाची लेफ्टनंट गव्हर्नरांशी भेट आहे. तिला सांगा, वाकायची वगैरे काही गरज नाही. नजरेला नजर देऊन, त्यांनी हात पुढे केला की हात मिळवायचा आणि पहिल्यांदा ‘युअर ऑनर’ म्हणायचं. ‘युअर एक्सलन्सी’ नको, ते ओटावाच्या, म्हणजे सगळ्या कॅनडाच्या, गव्हर्नर जनरलसाठी. इथेच बहुतेक जण घसरतात!

पद आपल्या राज्यपालांसारखंच, फक्त इथे लेफ्टनंट गव्हर्नर म्हणजे राजे चार्ल्स यांचे प्रतिनिधी. विधेयक सभागृहात मंजूर झालं तरी त्यांच्या संमतीशिवाय कायदा होत नाही. कारभार मात्र प्रीमियर, म्हणजे तिथले मुख्यमंत्री, चालवतात, त्यामुळे राजकीय मत विचारून त्यांना अवघडवू नये. त्यांचं दालन विधानसभेच्याच इमारतीत आहे. ऑन्टॅरियोत राजभवन 1937 पासून नाही.

सध्या एडिथ डुमाँ आहेत, नोव्हेंबर 2023 पासून. या पदावरच्या त्या पहिल्या फ्रेंचभाषक ऑन्टॅरियन, आधी शिक्षणक्षेत्रात होत्या. भाचीला मोडकंतोडकं फ्रेंच येत असेल तर ‘बोंजूर’ने सुरुवात करू दे.