बागेचा सौदा थांबवा, आधी रिपोर्ट दाखवा

ताई, वडिलांचा बी-सेल लिम्फोमा (बी पेशी या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) केमोनंतर उलटला आणि ‘मुंबईतल्या नव्या इंजेक्शनसाठी देवगडची कलमांची बाग विकू का’, असं तुम्ही विचारलंय. माझ्या भावाला हीच कार-टी थेरपी दिली, म्हणून सविस्तर लिहितो.

यात वडिलांच्याच रक्तातून टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढतात. कॅन्सरच्या पेशीवरची सीडी-१९ ही खूण ओळखेल असा जनुक प्रयोगशाळेत त्यांना जोडतात, त्या वाढवतात आणि सलाइनमधून परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या प्रयत्नांतून झालेल्या नेक्सकार-१९ या कार-टी थेरपीला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. अमेरिकेत याला तीन-चार कोटी लागतात. इथे सुरुवातीला ३० ते ४० लाख सांगत होते. आपल्यासारख्यांना तेही डोईजडच.

घाई करायची ती रिपोर्ट दाखवायची. पुढची केमो किंवा स्टेरॉइड सुरू होण्याआधीच कार-टी करणाऱ्या डॉक्टरांना गाठा. काही औषधांनी, विशेषतः बेंडामस्टिन या केमोच्या औषधाने, टी पेशीच कमजोर होतात. मग काढायच्या कुठून? जाताना रिपोर्टच्या झेरॉक्सवर भागवू नका, बायॉप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड (तपासलेल्या गाठीच्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने) मागून घ्या.

पेशी दिल्यावर भावाला सडकून ताप भरला, बीपी उतरलं. टोसिलिझुमॅब हे त्यावरचं औषध दिल्यावर सावरला. नर्स रोज त्याच्याकडून एक वाक्य लिहून घ्यायची. तो ‘माझे गाव आचरा’ लिहायचा. अक्षर बिघडलं की मेंदूवर परिणाम होतोय का, हे लगेच बघतात. म्हणून साधारण महिनाभर हॉस्पिटलच्या जवळच राहावं लागतं; खोलीचं भाडं हिशेबात धरा.

गावी परतल्यावर तर जास्त जपायचं. या उपचारात चांगल्या बी पेशीही जातात, त्यामुळे कित्येक महिने जंतुसंसर्गाची भीती असते. लावणीच्या चिखलात वडिलांना अजिबात उतरू देऊ नका. चिखलपाण्यातून होणारा आपल्याकडचा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) तुम्हाला माहीत आहेच. ताप आला तर क्रोसिन देऊन वाट बघायची नाही. गावच्या डॉक्टरांना कार-टी झाल्याचा कागद दाखवायचा आणि मुंबईला फोन लावायचा.

गुण सगळ्यांनाच येत नाही, काहींचा आजार पुन्हा उलटतो. त्यामुळे वडिलांना ही थेरपी लागू पडते का ते कळेपर्यंत बाग विकू नका. पुढेही विकण्याआधी हॉस्पिटलच्या सोशल वर्करना भेटा, बाग दोन-तीन हंगाम कराराने देऊन किती पैसे उभे राहतात ते बघा.

लिम्फोमाचा नेमका प्रकार आणि आजवर दिलेल्या औषधांची नावं इथे टाका. डॉक्टरांना काय काय विचारायचं ते लिहून देतो.