जांघेतलं गजकर्ण मेडिकलवरच्या ट्यूबनं जातंय अन् परत येतंय, काय करावं?

आधी घरातली ट्यूब काढा अन् मागचं बारीक अक्षर वाचा, त्यात क्लोबेटासॉल नाहीतर बीटामेथासोन असं काही लिहिलेलं असलं तर गडबड तिथंच हाय. ते स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसात थांबती, आपल्याला वाटतं बरं झालं, पण बुरशी आतून पसरायलीच असती अन् जांघेतली कातडी पातळ होऊन पांढरे चरे पडतात ते वेगळंच. मी सोयाबीन काढणीच्या टायमाला असली ट्यूब महिनाभर लावली, रुपयाएवढा चट्टा तळहाताएवढा झाला.

नुसतं क्लोट्रिमाझोल १ टक्का असलेलं क्रीम घ्या, जागा धुवून कोरडी करून दिवसातून २ वेळा पातळ थर, चट्ट्याच्या बाहेर बोटभर सुद्धा लावायचं कारण बुरशी कडंला जास्त असती. डाग गेला तरी अजून २ आठवडे चालू ठेवा, आपण सगळे इथंच हुकतो. लावल्यावर हात साबणानं धुवा, टॉवेल अन् चड्डी कुणासंग वाटून घेऊ नका, ऊन तर आपल्याकडं फुकट हाय, कपडे त्यात कडक वाळवा. ओली चड्डी घालून शेतात जाणं बंद.

डोक्यात, नखात असलं, लई पसरलं असलं तर क्रीमनं भागत नाही, गोळ्या लागतात. शुगर असली, पोटुशी बाई असली नाहीतर ४ आठवड्यात फरक नसला तर घाटीत, म्हंजी संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, स्किनच्या ओपीडीला दाखवा, जाताना जुनी ट्यूब संग न्या.