धावत्या घोड्याचे फोटो काढणाऱ्या मायब्रिजचं मूळ साहित्य कुठे आहे?

लंडनच्या नैर्ऋत्येला, थेम्सकाठच्या किंग्स्टन म्युझियममध्ये. एडवर्ड मायब्रिज मूळचा तिथलाच. 1878 मध्ये कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून त्याने दाखवलं, की धावताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात. 1904 मध्ये वारला, तेव्हा बरंच साहित्य मृत्युपत्राने गावच्या म्युझियमला दिलं.

त्यातला झूप्रॅक्सिस्कोप हा प्रोजेक्टर आणि त्याच्या काचेच्या चकत्या चुकवू नयेतच! चकतीवरचे घोडे मुद्दाम लांबट रंगवलेत, कारण उलट दिशेने फिरणाऱ्या फटींच्या तबकडीमुळे पडद्यावर ते आखूड होऊन प्रमाणात दिसतात. सिनेमाच्या आधीचं हे डोकं बघून मी तर थक्क होतो. जाण्याआधी काय मांडलंय ते विचारून घ्या.