अंथरूण ओले होण्यात मुलाचा दोष नाही

प्रश्न : माझा ८ वर्षांचा मुलगा अजूनही रात्री अंथरूण ओले करतो. चाळीच्या गॅलरीत गादी वाळत घातली की शेजारी विचारतात आणि तो घरात लपून बसतो. रागावूनही फरक पडत नाही. काय करावे?
– एक आई, लालबाग

उत्तर : सर्वप्रथम रागावणे थांबवा, तो हे मुद्दाम करत नाही. रात्री लघवीचे प्रमाण कमी करणारे संप्रेरक काही मुलांत पुरेसे स्रवत नाही आणि मूत्राशय भरले तरी त्यांना जाग येत नाही. आईवडिलांपैकी कोणाला लहानपणी हा त्रास असेल, तर मुलालाही तो होण्याची शक्यता वाढते. बद्धकोष्ठता आहे का, हे मात्र आवर्जून पाहा, कारण साठलेल्या मळाचा दाब मूत्राशयावर पडतो आणि नेमके हेच कारण अनेकदा नजरेतून सुटते. पाणी दिवसा भरपूर द्या, शाळेत लघवी रोखून धरू नकोस असे सांगा आणि संध्याकाळनंतर चहा टाळा. गादीवर रबरी कापड अंथरा, म्हणजे ती गॅलरीत न्यावीच लागणार नाही. एवढ्याने न भागल्यास बालरोगतज्ज्ञ ओलावा लागताच वाजणारा अलार्म किंवा गोळ्या सुचवतात. अलार्मला २-३ महिने चिकाटी लागते. मध्ये ६ महिने कोरडे जाऊन त्रास पुन्हा सुरू झाला असेल, लघवीला जळजळ होत असेल किंवा तहान फार वाढली असेल, तर विनाविलंब डॉक्टरांना दाखवा.